पेटीच्या पेटीवरचा चिकटा कसा काढायचा?

काळी_चार | रविवार, सकाळी १०:५०

मंडळी, जरा मदत हवीय. बाबांची पेटी (वाजवायची) आता माझ्याकडं आलीय आणि माझा प्रश्न तिच्या पेटीबद्दल (ठेवायच्या) आहे. जुनी प्लायवूडची, वरनं काळं रेग्झीन, कोपऱ्यांना पत्रा, आत मरून मखमल. बाबा तीसेक वर्षं भजनी मंडळात वाजवायचे. चैत्रात जोतिबा, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात, बाकी वर्षभर गल्लोगल्लीचे सप्ताह, सगळीकडं ही पेटी टेम्पोच्या हौद्यातनं फिरलीय. मध्ये कधीतरी एका बाजूची कडी तुटली तेव्हा त्यांनी खाकी पॅकिंग टेप गुंडाळली, आणि मग तीच सवय पडली. टेप सुटली की जुनी न काढता तिच्यावरच नवी.

परवा मी ती सगळी टेप काढायला बसले. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा कुडकुडीत होऊन हातात आला, पण गोंद सगळा रेग्झीनवरच राहिला. चार बोटं रुंदीचे दोन पट्टे, पेटीच्या चारी बाजूंनी. काही ठिकाणी गुळाच्या पाकासारखा, बोट ठेवून उचललं की तार येते. काही ठिकाणी वाळून तपकिरी खपली झालीय. आणि त्यात काय काय बसलंय बघा, सतरंजीचे धागे, जोतिबाचा गुलाबी गुलाल, एके ठिकाणी तर अक्षतांचे दोन दाणे. झाकणावर शिवाय तीन कागदी स्टिकर आहेत, अर्धे फाटलेले.

गरम पाणी आणि भांड्याचा साबण लावून बघितला, काही फरक नाही. सुरीनं खरवडायला गेले तर रेग्झीनवर चरा उठला म्हणून थांबले. खंडेनवमीला वाद्याची पूजा करून पेटी भाचीच्या हातात द्यायचीय, ती यंदा शिकायला लागलीय. पंधरा दिवस आहेत. काय लावू?

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ११:१२

खोबरेल. अर्धा तास सोडायचं, पुसायचं. विषय संपला.

उद्यमनगरी | रविवार, सकाळी ११:३०

ताई, खोबरेलानं दिवस जाईल. आमच्याकडं वर्कशॉपात मशीनवरची लेबलं निघतात ती थिनरनं. फडक्यावर घ्यायचा, एक हात मारायचा, पाच मिनिटांत चकाचक. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात सुट्टा मिळतो.

रसायनताई | रविवार, दुपारी १२:०५

थांबा थांबा, थिनर अजिबात नको!

उद्यमनगरी, तुमचं मशीन बीडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे, त्याला थिनर लावा नाहीतर काहीही लावा, ते हलणार नाही. इथं खाली रेग्झीन आहे. रेग्झीन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर, आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन ते द्रव्य ओढून घेतं. पहिल्या पुसण्याला चकाकी जाते, दुसऱ्याला काळा रंग फडक्यावर येतो, आणि महिन्याभरात तिथं पांढरट कडक चट्टा पडून भेगा यायला लागतात. चिकटा जाईल पण त्याच्याबरोबर रेग्झीनही.

माझं काम लॅबमध्ये, सॉल्व्हंटशीच रोजची गाठ, म्हणून जरा सविस्तर सांगते. टेपच्या गोंदाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक रबराच्या जातीचा, तो हवेनं आणि उन्हानं पिवळा-तपकिरी होतो, आधी पाकासारखा ओघळतो आणि मग वाळून खपली धरतो. काळी_चार, तुमचं वर्णन ऐकून तुमचा हाच वाटतोय. याला तेलकट गोष्टी चालतात : खोबरेल, निलगिरी तेल, रॉकेल. दुसरा अ‍ॅक्रिलिकचा, तो बराच काळ पांढरट पारदर्शक राहतो, त्याला तेल फारसं लागू पडत नाही, तिथं स्पिरिट चांगलं. कागदी स्टिकरांना बऱ्याचदा हा असतो. तेव्हा एकाच पेटीवर दोन औषधं लागू शकतात.

आधी चाचणी करा. कान साफ करायची काडी घ्या, बिजागरीच्या मागं जिथं कुणाला दिसणार नाही तिथं थेंबभर लावा, दहा मिनिटं थांबा. काडीवर काळं आलं तर ते औषध रद्द.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रेग्झीन प्लायवर कशानं चिकटवलेलं असतं? रबराच्याच सोल्युशननं. म्हणजे ज्यानं वरचा गोंद सुटतो त्यानंच खालचा पण सुटतो. म्हणून पेटीवर काही ओतायचं नाही, फवारायचं नाही. कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं, पिळायचं, आणि जिथं रेग्झीनची कड किंवा शिवण आहे त्या बाजूनं मधल्या बाजूकडं पुसत यायचं, उलटं नाही. कडेतनं आत शिरलं की आठ दिवसांनी रेग्झीन फुगून वर येतं.

उद्यमनगरी | रविवार, दुपारी १२:२०

बरोबर आहे ताई. रेग्झीन डोक्यातच आलं नाही माझ्या. माझा थिनर मागं घेतो.

शाहूपुरी_चौथी_गल्ली | रविवार, दुपारी १:४०

माझा अनुभव सांगतो. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तबला-डग्गा माळ्यावर टाकला म्हणून वाचला पण त्याची पेटी खालीच राहिली. पाणी उतरल्यावर बघतो तर आतला फोम चिखलानं भरलेला आणि बाहेर मी पूर्वी लावलेली टेप गाळासकट चिकटून बसलेली. रागाच्या भरात मी पेटी नळाखाली धरून धुतली आणि उन्हात टाकली. दोन चुका एकदम. पाण्यानं प्लाय फुगला, झाकण कधीच नीट बसलं नाही, आणि उन्हानं रेग्झीन कडेकडेनं उचकटलं. शेवटी पेटी टाकून द्यावी लागली. त्यामुळं काळी_चार, पाणी लावायचं झालं तर पिळलेल्या फडक्यानं, आणि वाळवायचं सावलीत. आपल्याकडं अजून हवा दमट आहे, पंख्याखाली दोन दिवस लागले तरी लागू देत.

मिरजेचा_तंबोरा | रविवार, दुपारी ३:१५

रसायनताईंनी स्पिरिट सांगितलंय ते पेटीच्या पेटीपुरतं ठीक आहे. पण वाद्याला चुकूनसुद्धा लावू नका, हे मी हात जोडून सांगतो.

मी तानपुरा वापरतो, मिरजेतलाच. करोनाच्या काळात कार्यक्रम बंद होते, तानपुरा कोपऱ्यात, आणि भोपळ्यावर कुणीतरी नंबराचं स्टिकर लावलेलं. ते काढलं तर रुपयाएवढा चिकटा राहिला. घरात सॅनिटायझरची बाटली होतीच, दोन थेंब लावले आणि घासलं. चिकटा गेला, आणि त्याच्याबरोबर पॉलिशही. खालचा भोपळा उघडा पडला, पांढुरका डाग. का, तर आपल्या सतारी, तानपुरे, बऱ्याच पेट्या यांचं पॉलिश म्हणजे चपडा लाख, आणि चपडा विरघळवायला कारागीर स्पिरिटच वापरतात. सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के तेच.

सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. ज्यांनी दुरुस्त केलं ते ओरडले नाहीत, नुसते डागावरनं अंगठा फिरवत बसले बराच वेळ. मग म्हणाले, ‘भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड लांबनं येतंय, हात आमचा, आणि एवढं सगळं तुम्ही दोन थेंबांत पुसलंत.’ अजून आठवतं. त्यांनी बोळ्यानं पातळ पातळ असे किती हात चढवले ते मोजले नाहीत मी, पण चार दिवस लागले.

आता २०२४ पासून मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, आनंदच आहे, पण घरात जे वाद्य आहे त्याची राखण आपल्यालाच करायचीय. पेटी बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच बाटल्यांची बुचं उघडा.

काळी_चार | रविवार, दुपारी ४:००

बाप रे. बरं झालं सांगितलंत. पेटी आत्ताच उचलून आतल्या खोलीत पलंगावर ठेवली, वरनं सुती साडी घातली. तिच्या पुढच्या फळीवर पण एक टेपचा डाग आहे, त्याला हात लावत नाही.

तांबडा_पांढरा | रविवार, दुपारी ४:१०

पेटीला आकाशवाणीनं १९४० साली बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. त्यातनं जी टिकली ती टेपला काय भिते 🙂

करवीर_काठी | रविवार, संध्याकाळी ६:२५

तांबडा_पांढरा, भारी आठवण काढलीस. आणि ती बंदी येण्याच्या कितीतरी आधी याच मातीतल्या माणसानं पेटीवर काय काय करून दाखवलं होतं. गोविंदराव टेंबे, जन्म १८८१, गाव सांगवडे, कोल्हापूरपासनं हाकेच्या अंतरावर. १८८३ चा देवल क्लब (गाण्याची संस्था), दरबारात गवई अल्लादियाँ खाँसाहेब, असल्या हवेत तयार झालेला कान तो. आमचे आजोबा देवल क्लबात ऐकायला जायचे, ते म्हणायचे की पेटीवाला बसला की आधी त्याच्या पेटीची पेटी बघावी, तिच्यावरनं कळतं माणूस वाद्याला कसा ठेवतो.

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. टेपचा चिकटा काढा, त्यानं धूळ बसते, हात चिकटतात, खरंय. पण स्टिकर कशाला काढता? ते कुठल्या मंडळाचे, कुठल्या सप्ताहाचे आहेत? तो त्या पेटीचा प्रवास आहे. एकदा गेला की गेला.

स्वच्छ_सूर | रविवार, संध्याकाळी ७:०२

करवीर_काठी, नाही पटलं. फाटका कागद आणि त्याखालचा चिकटा झुरळांचं खाद्य आहे. झुरळं स्टिकरच्या मागचा गोंद आणि कागद आवडीनं खातात, आणि तिथनं आत मखमलीत आणि मखमलीतनं भात्याच्या कातड्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. माझ्या पेटीच्या भात्याला असंच भोक पडलं, हवा धरेना. आठवणी ठेवायच्या तर फोटो काढून ठेवा.

करवीर_काठी | रविवार, संध्याकाळी ७:३०

फोटोत तो कागद नसतो हो.

काळी_चार | रविवार, रात्री ९:१५

दोघांचंही पटतंय मला. एक स्टिकर मुंबईच्या प्रवासाचं, महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेले होते तेव्हाचं, त्यावर बाबांनी बॉलपेननं ‘नाजूक. उभी ठेवू नये’ असं लिहिलंय. ते राहू दे असं वाटतंय. बाकी दोन टेम्पोवाल्याची नंबराची आहेत, ती काढते.

चप्पललाईन | सोमवार, सकाळी ८:२०

राम राम. आमचं घराणंच चपलेच्या धंद्यातलं. चप्पल शिवून करायची ती वादीनं, पण आता तळ आणि अस्तर बसवायला सोल्युशन लागतंच, आणि ते चामड्याच्या वर आलं की माल खराब दिसतो. आम्ही काही लावत नाही त्याला. डब्याच्या तोंडाला जे सोल्युशन वाळून बसतं ना, ते ओरबाडून त्याचा लिंबाएवढा गोळा करायचा, आणि तो गोळा वर घासायचा. रबराला रबर ओढतंय. खोडरबरानं पेन्सिल निघते तसा चिकटा गोळ्याला लागून उठतो, आणि खालचा रंग तसाच राहतो. ना वास, ना डाग. गोळा मोठा मोठा होत जातो एवढंच. आमच्या वडलांचा गोळा नारळाएवढा झाला होता, आम्ही लहानपणी त्यानं क्रिकेट खेळायचो, लय उसळायचा.

पण एक आहे. ओला, तार येणारा चिकटा असेल तर गोळा अडकून बसतो. आधी त्यावर टाल्कम पावडर नाहीतर खडूची पूड टाकायची, मग घासायचं. कुठल्याही चपलेच्या कारागिराकडं मागा, पैसे घेणार नाही कुणी.

रसायनताई | सोमवार, सकाळी ९:००

चप्पललाईन, हे फार छान. आणि कारण पण अगदी बरोबर आहे, गोंदाला रेग्झीनपेक्षा आपल्या जातीच्या रबराला धरून राहणं सोपं जातं. सॉल्व्हंटच नाही म्हणजे रेग्झीनला धोका नाही. काळी_चार, सुरुवात यानंच करा, उरेल तेवढ्यालाच तेल.

तांबडा_पांढरा | सोमवार, सकाळी ९:०५

म्हणजे माझं खोबरेल दुसऱ्या नंबरला. चालतंय.

रसायनताई | सोमवार, सकाळी ९:२०

दुसरा नंबर पण मानाचाच आहे, कारण तेल म्हणून घ्यायचं तर खोबरेलच. जवसाचं लावू नका कुणी, ते हवेत वाळून स्वतःच गोंद होतं. शेंगतेल, करडई सुद्धा पुसायचं राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत चिकट राप धरतं, आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर असतो तसा. खोबरेल वाळत नाही. फक्त थंडीत २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळं डिसेंबरात करणाऱ्यांनी बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

निलगिरी तेल जास्त जोरकस आहे, मेडिकलमध्ये छोटी बाटली मिळते. ते चिवट ठिपक्यांपुरतं, काडीनं.

गारगोटी_फाटा | सोमवार, दुपारी २:१०

पेट्रोल चालेल का? गाडीतनं अर्धी वाटी काढली की काम झालं, आम्ही गाडीवरची स्टिकरं असंच काढतो.

रसायनताई | सोमवार, दुपारी २:४५

गोंद निघेल, पण घरात पेट्रोल नको. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि देव्हाऱ्यातलं निरांजन किंवा गॅसचा पायलट कुठं आहे हे तिला बरोबर सापडतं. उघड्यावर सुद्धा मी सांगणार नाही. अगदीच लागलं तर रॉकेल, तेही गच्चीत. पण रॉकेलचा वास मखमलीत बसला की सहा महिने जात नाही, आणि पेटी त्यात ठेवली की भाता तोच वास ओढतो. गाणाऱ्याच्या तोंडासमोर रॉकेलची झुळूक येणार.

सीटकव्हर_मेस्त्री | सोमवार, रात्री १०:३०

हेअर ड्रायरचं कुणीच बोललं नाही. आम्ही गाड्यांच्या सीटा करतो. वाळून खपली झालेला गोंद असेल तर वीतभर अंतरावरनं गरम हवा द्यायची, मऊ झाला की जुनं एटीएम कार्ड घेऊन आडवं धरून ढकलायचं. सुरी, ब्लेड, पत्रा काही नाही, कार्डच. पण गरम किती, तर स्वतःच्या तळहाताला सोसेल इतकंच. जास्त झालं तर रसायनताई म्हणतात तसं खालचं सोल्युशन सुटतं आणि रेग्झीनला फुगा येतो. माझ्या हातनं सुरुवातीला झालेत असे फुगे म्हणून सांगतो.

काळी_चार | बुधवार, रात्री ९:५०

मंडळी, अहवाल!

काल संध्याकाळी चपलेच्या एका दुकानात मागं बसलेल्या मावशींकडं गोळा मागितला. त्यांनी कशाला विचारलं, पेटी म्हटल्यावर म्हणाल्या, भजनाची व्हय, मग हा घे मोठा. पैसे नाहीच घेतले.

आज दुपारी अंगणात सावलीला बसले. पहिल्यांदा पावडर टाकली, पाकासारखा होता तो भाग लगेच कोरडा पडला. मग गोळा घासला. पहिली दोन मिनिटं काहीच होईना, मला वाटलं चुकतंय काहीतरी, आणि मग एकदम शेवया वळल्यासारख्या तपकिरी वळकट्या सुटायला लागल्या. घासेल तसा खालनं काळा रेग्झीन वर येतोय, त्याच्यावरचा तो बारीक दाणा पण जसाच्या तसा. गुलाल त्या वळकट्यांबरोबर आला, गुलाबी रेघा पडल्या गोळ्यावर. अक्षतांचे दोन दाणे मी आधीच चिमट्यानं काढून देव्हाऱ्यात ठेवले होते.

खपल्यांना मेस्त्रींचा ड्रायर आणि कार्ड. कडेला अजिबात गेले नाही, तिथं काडीनं निलगिरी. मग साबणाच्या दोन थेंबांचं कोमट पाणी, पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं. टेम्पोवाल्याच्या दोन स्टिकरांना स्पिरिट लागलं, बिजागरीमागं चाचणी केली होती, काळं आलं नाही. तीन तासांत तीन बाजू झाल्या.

पण चौथ्या बाजूवर एक गडबड आहे. पाठीमागच्या बाजूला तळहाताएवढा भाग आहे, तिथं गोळा मारला, तेल लावलं, साबणानं पुसलं, अगदी स्वच्छ दिसतो, आणि तासाभरानं परत चिकट. तीन वेळा केलं. वर गोंद दिसतच नाही पण बोट चिकटतंय.

रसायनताई | बुधवार, रात्री १०:२०

तिथं आता घासू नका. तो टेपचा गोंद नाही, रेग्झीन स्वतः चिकट झालंय. मी वर सांगितलं ना, पीव्हीसी मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आत असतं. वर्षानुवर्षं उष्णता लागली किंवा टेप, प्लास्टिक घट्ट चिकटून राहिलं की ते द्रव्य पृष्ठभागावर येऊन बसतं. पुसलं की आतनं परत येतं. जितकं पुसाल आणि जितकं सॉल्व्हंट लावाल तितकं रेग्झीन आतनं कोरडं पडत जाणार. पेटीची ती बाजू भिंतीला किंवा खिडकीला लागून असायची का?

काळी_चार | बुधवार, रात्री १०:३५

हो! देव्हाऱ्याशेजारी पश्चिमेच्या खिडकीखाली असायची, पाठ खिडकीकडं. आणि खालनं धूळ लागू नये म्हणून आईनं मागं प्लास्टिकचा कागद लावला होता.

रसायनताई | बुधवार, रात्री १०:४०

मग तेच. ऊन आणि वर प्लास्टिक.

शाहूपुरी_चौथी_गल्ली | गुरुवार, सकाळी ७:५५

याला काय उपाय नाहीच का? माझ्या भावाच्या गिटारच्या पेटीला पण असंच होतंय, आम्ही पाच वर्षं पुसतोय.

रसायनताई | गुरुवार, सकाळी ९:१०

परत आधीसारखं करणारं काही नाही. टाल्कम पावडरचा हलका हात देत राहिलं तर हाताला चिकटत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी. नाहीतर तेवढा भाग बदलणं. पण आधी गिटारच्या पेटीवर रेग्झीनच आहे ना ते बघा. कडक प्लास्टिकची असेल, एबीएसची, तर गोष्ट वेगळी, आणि तिथं अ‍ॅसिटोन लावलं तर प्लास्टिकच विरघळून बोटाचा ठसा उमटेल.

सीटकव्हर_मेस्त्री | गुरुवार, दुपारी १:००

काळी_चारताई, तेवढा भाग बदलता येतोय. पण ठिगळ चौकोनी लावू नका, वाईट दिसतंय. पाठीमागची पूर्ण बाजू पत्र्याच्या कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत एकाच तुकड्याची करायची, जोड पत्र्याखाली जातो आणि कळत नाही. कोपऱ्याचे रिव्हेट काढून परत मारावे लागतात. जुनं रेग्झीन काढल्यावर प्लायवर जुनं सोल्युशन असतं ते पूर्ण घासून काढायचं, नाहीतर नव्याखाली गाठी दिसतात. नवं सोल्युशन दोन्हीकडं लावायचं, प्लायला आणि कापडाला, बोटाला चिकटेनासं झालं की मगच बसवायचं. लोक ओल्यावरच दाबतात आणि मग सुटतं म्हणून तक्रार करतात. आणि बसवल्यावर दोन दिवस उघडी ठेवायची, वास जाऊ द्यायचा, मग वाद्य ठेवायचं.

दाणा जुळणारा काळा रेग्झीन शोधायला वेळ लागेल, जुन्याचा दाणा बारीक असायचा. तुकडा सोबत घेऊन जावा.

नाट्यसंगीत_प्रेमी | गुरुवार, रात्री ८:४५

विषय निघालाच आहे तर माझं विचारतो. फायबरची सतारीची पेटी आहे, विमानतळावर लावलेली लाल स्टिकरं आहेत पाच-सहा, ‘नाजूक’ची. उजळाईवाडीहून मुंबई, तिथनं पुढं. काढून काढून थकलो, कागद निघतो, खाली पांढरा चिकटा.

मिरजेचा_तंबोरा | गुरुवार, रात्री ९:३०

माझी पण फायबरचीच. पांढरा चिकटा म्हणजे ताईंच्या हिशोबानं अ‍ॅक्रिलिक. स्पिरिटच्या बोळ्यानं मस्त निघतो, बोळा त्यावर दोन मिनिटं ठेवून द्यायचा, लगेच घासायचं नाही. सतार बाहेर काढून. आणि बोळा हातात असताना सतारीकडं जायचं नाही, हात धुवायचे आधी. माझं बघून शहाणे व्हा.

स्वच्छ_सूर | शुक्रवार, सकाळी ८:००

काळी_चार, आतल्या मखमलीचं काय केलंत? बाहेरचं सगळे बघतात पण आत जो जुना गोंद असतो, मखमल जिथं सुटलेली असते, तो वाळून पूड होतो आणि ती पूड भात्यातनं आत जाऊन सुरांवर (आतल्या पितळी पट्ट्यांवर) बसते. एखादा सूर अचानक बोलेनासा होतो तो बऱ्याचदा असल्या कचऱ्यानं.

काळी_चार | रविवार, संध्याकाळी ५:४०

स्वच्छ_सूर, तुमचं वाचून आतनं बघितलं आणि खरंच, तळाच्या एका कोपऱ्यात मखमल सुटली होती आणि खाली तपकिरी भुगा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ कापड बांधून ओढून घेतला. मखमलीला काहीच ओलं लावलं नाही. सुटलेला कोपरा मेस्त्रींनी सांगितल्यासारखा दोन्हीकडं थोडं थोडं लावून, थांबून, मग दाबला.

पाठीमागच्या बाजूसाठी काल लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानात खालच्या फळीवरनं एक गुंडाळी निघाली, दाणा जवळजवळ तोच. सीटचं काम करणाऱ्या एका कारागिरानं आज बसवून दिलं, मी शेजारी उभी राहून दोन्हीकडं लावा, दोन्हीकडं लावा म्हणत होते, तो म्हणाला ताई मला येतंय. रिव्हेट पण परत मारले. जोड खरंच दिसत नाही. आणि हो, ती मूळची तुटलेली कडी. त्याच्याकडं जुन्या सुटकेसची एक होती, ती बसवली, दोन स्क्रू आणि पाच मिनिटं. आता टेपची गरजच नाही.

पेटी अजून पलंगावरच आहे, दोन दिवस वास जाऊ दे. मुंबईचं स्टिकर ठेवलंय, त्याच्या उचकटलेल्या कडा तेवढ्या खळीनं परत बसवल्या.

करवीर_काठी | रविवार, संध्याकाळी ६:१०

फार बरं वाटलं. खळ वाळल्यावर पुसून घ्या मात्र, स्वच्छ_सूर म्हणतात ते झुरळांचं खरं आहे. डांबराची गोळी नको, कापूर ठेवा पुडीत, तोही वाद्याला न लागता.

मिरजेचा_तंबोरा | रविवार, संध्याकाळी ६:३०

आणि पेटीच्या पुढच्या फळीवरचा तो टेपचा डाग? त्याचं काय ठरलं?

काळी_चार | रविवार, संध्याकाळी ७:०५

त्याला मी हात लावला नाही. तुमची गोष्ट डोक्यात होती. खंडेनवमी झाली की मिरजेला घेऊन येते, तुमच्या त्या अंगठा फिरवणाऱ्या कारागिरांना दाखवायला. दुकान कधी उघडतं त्यांचं?

मिरजेचा_तंबोरा | रविवार, संध्याकाळी ७:१२

सकाळी दहाला. शुक्रवारी दुपारी बंद असतं. येताना भाचीला पण आणा.